शाळेनंतरचं पाळणाघर : घरी काढावं की शाळेतच?

पहिली ते चौथीच्या मुलांसाठी शाळेनंतरचं पाळणाघर काढायचं ठरलं की पहिला प्रश्न जागेचा. पुण्यात चार वर्षं मी ते घरी चालवलं, आता तिसरं वर्ष एका शाळेच्या वर्गात चालवतेय.

घरी मुलं मला काकू म्हणायची, शाळेत टीचर म्हणतात. फरक नुसत्या हाकेचा नाही. काकूच्या दिवाणावर लोळता येतं. टीचरसमोर मुलं संध्याकाळी सहालासुद्धा करंगळी वर करून परवानगी मागतात. दुसरीतला एक मुलगा पहिले काही दिवस पाठीवरचं दप्तरच उतरवेना. त्याच्या लेखी शाळा अजून सुटलेलीच नव्हती. म्हणून मी रोज बाकं भिंतीला लावून सतरंज्या अंथरते आणि निघताना पुन्हा जागच्या जागी ठेवते, कारण सकाळच्या बाईंना एक बाक तिरकं चालत नाही. कंबर दुखत असेल तर फीचा हिशोब करण्याआधी हे लक्षात घ्या.

ने-आणीच्या बाबतीत शाळा सरळ जिंकते. मुलं वर्गातून निघून जिन्याने खाली आली की झालं. घरी तीन शाळांच्या तीन वेळा. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. आमच्याकडची एक शाळा बदलली, दोन जुन्याच वेळेवर राहिल्या. म्हणजे साडेबारापासून तीनपर्यंत मी फाटकावर. त्यात जुलै असला की गॅलरीत आठ रेनकोट टपकतायत आणि खालच्या आजोबांची वामकुक्षी मोडलेली. सोसायटीची परवानगी लेखी घ्या. तोंडी होकार पहिल्या फुटलेल्या कुंडीपर्यंतच टिकतो.

जेवणात मात्र घराला तोड नाही. गरम वरण-भातावर तूप घातलं की न जेवणारी मुलंही जेवतात. शाळेत गॅस लावता येत नाही. दुसऱ्या डब्यातला उपमा दुपारपर्यंत घट्ट होतो, आणि मग बिस्किटं.

सुट्ट्यांचं कुणी आधी सांगत नाही. आईबाबांना दिवसभराची सोय सगळ्यात जास्त लागते ती दिवाळीत आणि मे महिन्यात, आणि नेमकी तेव्हाच शाळा बंद. शाळेत दहावी-बारावीचं परीक्षा केंद्र असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्ग मिळत नाहीत, निवडणुकीत मतदान केंद्र. एकदा तर गॅदरिंगच्या तालमीसाठी माझाच वर्ग देऊन टाकला होता. मला कळलं ते अठरा मुलं दारात उभी राहिल्यावर. करार करताना अशा दिवसांची यादी मागा, आणि त्या दिवसांचं भाडं कापून घ्या.

पैशाचं थोडक्यात. घरी आठ मुलं, फी सगळी आपली. शाळेत मुलं दुपटीहून जास्त, पण फीचा एक हिस्सा शाळेचा, आणि दोन मावशी लागतातच. मावशींची पोलीस पडताळणी दोन्हीकडे करा. ऑगस्ट 2024 मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर पालक आधी कॅमेऱ्याचं विचारतात, फीचं नंतर. शाळेत ते असतात. घरी लावायचे म्हणजे आपल्याच हॉलमध्ये, जिथे सासूबाई दुपारी पदर सोडून बसतात. आमच्याकडे यावरून आठवडाभर अबोला होता.

शेवटी मी घरून शाळेत हलले ती यातल्या कशामुळेच नाही. घरी सातची वेळ कुणी पाळत नसे. ‘काकू, ट्रॅफिक आहे, असू दे ना तिथेच,’ असा फोन यायचा, आणि पावणेनऊला कुणाचं तरी पोर माझ्या मुलीच्या शेजारी जेवायला बसलेलं असायचं. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू. पण माझ्या मुलीला नाही. शाळेत सव्वासातला वॉचमनकाका किल्ल्या वाजवत येतात, तेच पालक सातला पाच मिनिटं असताना फाटकावर हजर असतात. घरात तुमची स्वतःची लहान मुलं नसतील, तर मी तुम्हाला घरीच सुरू करा म्हणेन. मी मे महिन्यात अजूनही तेच करते, फक्त सहा मुलं आणि दुपारी आमरस.