ड्रोनताफ्याच्या नियोजनपद्धतीचे पेटंट : पुण्यातील एका पेटंट एजंटच्या कार्यालयाच्या सेवेबद्दल

एकाच शेतात एकाच वेळी अनेक फवारणी ड्रोन उडवायचे असतील, तर कोणत्या ड्रोनने कोणता पट्टा घ्यायचा, औषध भरण्यासाठी केव्हा उतरायचे आणि बॅटरी कोठे बदलायची, हे ठरवणारी एक पद्धत आमच्या छोट्या कंपनीने विकसित केली आणि तिच्या पेटंटसाठी पुण्यातील एका खासगी पेटंट एजंटच्या कार्यालयाची सेवा घेतली. मसुदा, अर्ज, तपासणी अहवालाला उत्तर, हिअरिंग आणि अखेरीस मंजुरी हे सगळे काम त्यांनीच पाहिले. कर्वे रस्त्यालगतच्या एका गल्लीतील हे कार्यालय लहान आहे. प्रमुख एजंट मॅडम स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर असून ड्राफ्टिंगचा पहिला खर्डा त्या स्वतः लिहितात. कार्यालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही; अशा विषयासाठी एजंट निवडताना नेमके काय पाहावे, एवढेच मला सांगायचे आहे.

ड्रोनताफ्याच्या नियोजनाचा अर्ज भारतात सर्वप्रथम अडतो तो १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(के) वर. गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना हे कलम शोध मानत नाही, आणि मार्गनियोजन म्हटले की ते वरकरणी अल्गोरिदमच दिसते. संगणकाधारित शोधांच्या तपासणीसाठी फेब्रुवारी २०१६ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नव्या हार्डवेअरची अपेक्षा होती. जून २०१७ च्या सूचनांमध्ये ती अट राहिली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात शोधाचा तांत्रिक परिणाम आणि तांत्रिक योगदान पाहण्यावर भर दिला, आणि २०२५ मध्ये या सूचना पुन्हा सुधारल्या गेल्या. हा सगळा प्रवास कोणताही एजंट सांगू शकतो. मॅडमनी पहिल्याच बैठकीत जे विचारले, ते मात्र मला अन्यत्र ऐकायला मिळाले नव्हते. आम्ही लॅपटॉपवर रंगीत नकाशे दाखवू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "स्क्रीन जरा बाजूला ठेवा. तुमच्या गणितामुळे ड्रोनच्या मोटारीला किंवा पंपाला जाणारी आज्ञा कोणत्या क्षणी बदलते, ते मला कागदावर काढून दाखवा." पुढे तपासणीत आमचा अर्ज ज्या मुद्द्यावर तरला, तो मुद्दा या एका प्रश्नातून निघाला, असे मी जबाबदारीने म्हणतो.

त्यांच्या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे अर्जापूर्वीचा शोध अहवाल. अनेक ठिकाणी हा अहवाल म्हणजे चार-पाच पेटंटांची नावे आणि खाली 'नावीन्य दिसते' असा शेरा, एवढ्यावर आटोपतो. येथे मात्र आधी पेटंटांच्या विषयवार वर्गीकरणाचा विचार झाला. वाहनांच्या नियंत्रणाचा वर्ग जी०५डी, हवाई वाहतुकीच्या नियंत्रणाचा जी०८जी, मानवरहित विमानांचा बी६४यू आणि व्यवस्थापनविषयक माहितीप्रक्रियेचा जी०६क्यू, अशा चारही बाजूंनी शोध घेण्यात आला. मार्गांच्या इष्टतमीकरणाचे बरेचसे साहित्य जी०६क्यू मध्ये सापडते, आणि अर्जाची भाषा त्या वर्गाकडे झुकली की व्यवसायपद्धतीचा आक्षेप जवळ येतो, हे त्यांनी सोदाहरण दाखवले. ताफ्यातील वाहनांना कामे वाटून देण्याचा प्रश्न मुळात जुना आहे. डँझिग आणि रॅमसर यांनी तो १९५९ मध्ये पेट्रोल पोहोचवणाऱ्या टँकरांच्या संदर्भात मांडला होता. तेव्हा केवळ ट्रकच्या जागी ड्रोन घातला म्हणून कोणी पेटंट देणार नाही, हे अहवालात स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते.

याच अहवालातील एक नोंद तपशिलाने सांगण्यासारखी आहे. लिथियम बॅटरीवर भार आला की तिच्या अंतर्गत रोधामुळे व्होल्टेज खाली बसते, आणि बॅटरी जुनी असेल तर जास्तच बसते. हा रोध उड्डाणातच मोजून उरलेल्या क्षमतेचा अंदाज बांधणे हा आमच्या पद्धतीचा पाया होता. मॅडमच्या सहकाऱ्याने पेटंटांबरोबर आर्डुपायलट या मुक्त स्रोत उड्डाणप्रणालीचे दस्तऐवजही चाळले आणि व्होल्टेजची ही घसरण भरून काढून बॅटरीचा इशारा देण्याची सोय तेथे आधीपासूनच आहे, हे दाखवून दिले. पूर्वज्ञान, म्हणजे अर्जापूर्वीच जाहीर असलेली माहिती, ही फक्त पेटंटांत नसते. तारखेसह प्रसिद्ध झालेले माहितीपुस्तकाचे पानही तपासनीस पुढे करू शकतो. त्यामुळे पहिल्या क्लेमचे, म्हणजे अर्जातील हक्काची व्याप्ती सांगणाऱ्या मुख्य विधानाचे, केंद्र सरकले. फवारणी करताना टाकी रिकामी होत जाते, ड्रोन हलका होतो, त्याची विजेची मागणी घटते. म्हणजे टाकी आणि बॅटरी यांचे संपणे एकमेकांत गुंतलेले असते. एका ड्रोनची बॅटरी थकलेली आढळली, तर त्याचे काही पट्टे शेजारच्या ड्रोनला देऊन प्रत्येक ड्रोनची टाकी आणि बॅटरी एकाच उतरणीत संपतील अशी वाटणी उड्डाण चालू असतानाच पुन्हा करणे, एवढाच भाग खऱ्या अर्थाने नवा होता. अर्ज त्या भागावर उभा राहिला.

चाचण्यांविषयीही त्यांनी वेळीच चौकशी केली. लोहगाव विमानतळ आणि लष्करी आस्थापना यांमुळे पुणे शहरात आणि लगतच्या भागात उड्डाणांवर बरेच निर्बंध आहेत, म्हणून २०२१ च्या ड्रोन नियमांतील हरित क्षेत्र (जेथे ठरावीक उंचीपर्यंत पूर्वपरवानगीशिवाय उडवता येते) पाहून आम्ही दौंडकडच्या उसात चाचण्या घेत होतो आणि साहजिकच बांधावर गावकरी जमत. खुल्या जागेतील उड्डाण म्हणजे सार्वजनिक वापर ठरू शकतो. वाजवी चाचणीसाठी ते करणे भागच असेल, तर कलम ३२ अर्जापूर्वीच्या एका वर्षापुरते संरक्षण देते. पण प्रदर्शनातील मांडणीला संरक्षण मिळण्यासाठी ते प्रदर्शन केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेले असावे लागते. मोशीला डिसेंबरात भरणाऱ्या किसान प्रदर्शनात ही पद्धत दाखवायची आमची तयारी सुरू होती. अर्ज दाखल होईपर्यंत ती त्यांनी थांबवायला लावली. शेती-तंत्रज्ञानात काम करणाऱ्या पुण्याच्या प्रत्येक नवउद्योगाने हा मुद्दा मनावर घ्यावा, असे मला कळकळीने वाटते.

मसुद्याच्या टप्प्यावर त्यांनी आमच्याकडून उड्डाणांच्या नोंदी मागून घेतल्या आणि त्या हाती आल्याशिवाय लेखन पुढे नेले नाही. तेव्हा हा आग्रह जाचक वाटला होता. त्यामागचे कारण मात्र कायद्यातच आहे. कलम ५९ नुसार अर्ज दाखल झाल्यावर त्यात नवा मजकूर घालता येत नाही. दुरुस्ती करायची ती मूळ वर्णनात जे आहे त्याच्या आतच. तांत्रिक परिणाम दाखवणारे आकडे पहिल्या दिवशी वर्णनात नसतील, तर पुढे तपासनीसाने ते विचारल्यावर दाखवायला भक्कम आधार उरत नाही. म्हणून जुन्या आणि नव्या बॅटऱ्यांच्या मिश्र ताफ्याचे तक्ते, नव्या वाटणीची आज्ञा रेडिओ दुव्यावरून ड्रोनवरच्या उड्डाण-नियंत्रक यंत्रापर्यंत कशी जाते याचा क्रम, आणि दुवा तुटल्यास ड्रोनने काय करायचे याची तजवीज, हे सारे मूळ वर्णनात आले. आणखी एक खोच त्यांनी ओळखली होती. कलम ३(एच) शेतीच्या पद्धतीला पेटंट नाकारते, आणि 'शेतात फवारणी करण्याची पद्धत' असे शब्द क्लेममध्ये आले असते तर दुसरीच आघाडी उघडली असती. त्यांनी क्लेम 'मानवरहित विमानांच्या ताफ्याचे नियंत्रण' असा मांडला आणि फवारणी हा केवळ एक उपयोग म्हणून वर्णनात ठेवला.

कागदपत्रांचे काम चोख होते, त्यावर फार लिहिण्याची गरज नाही. नवउद्योग म्हणून अर्ज १,६०० रुपयांत झाला. मोठ्या कंपनीला तेच शुल्क ८,००० रुपये पडते. त्यात तीस पाने आणि दहा क्लेम बसतात, पुढे जादा शुल्क लागते. जलद तपासणीचा फॉर्म १८ए नवउद्योगांना खुला आहे, त्याचे ८,००० रुपये वेगळे भरले. त्यासाठी फॉर्म ९ द्वारे लवकर प्रसिद्धी घ्यावी लागते, आणि ती झाली की आपलाच मजकूर पुढच्या स्वतंत्र अर्जाच्या आड येऊ शकतो, ही सूचना त्यांनी लेखी दिली होती. सरकारच्या नवउद्योग सहाय्य योजनेतील नोंदणीकृत एजंट घेतल्यास त्याचे ठरावीक शुल्क सरकार भरते. हे कार्यालय त्या योजनेत नाही, त्यामुळे त्यांचे व्यावसायिक शुल्क पूर्णपणे आमच्या खिशातून गेले आणि ते सरकारी शुल्काच्या कितीतरी पट होते.

पहिला तपासणी अहवाल, म्हणजे एफईआर, आला तेव्हा अपेक्षित आक्षेप त्यात होतेच : एक अमेरिकी अर्ज आणि एक शोधनिबंध एकत्र वाचून शोधपायरी नाही, म्हणजे जाणकाराला ते सहज सुचले असते, असा एक, कलम ३(के) चा दुसरा, आणि क्लेमच्या संदिग्धतेचे काही. कलम ३(एच) चा आक्षेप आला नाही. उत्तरासाठी सहा महिने असतात आणि ती मुदत तीन महिन्यांनी वाढवता येते. कार्यालयाने वाढ न मागता उत्तर दिले. या उत्तराची रचना मला विशेष आवडली. मूळ पहिल्या क्लेमचा शेवट 'पट्ट्यांची सुधारित वाटणी निश्चित करणे' असा होता. निश्चित करणे ही क्रिया संगणकाच्या आतच संपते, आणि आक्षेपाचे मूळ तेथेच होते. दुरुस्त क्लेमचा शेवट, ढोबळ मराठीत सांगायचे तर, 'सुधारित वाटणी प्रत्येक विमानाच्या उड्डाण-नियंत्रकास पाठवणे आणि त्या नियंत्रकाने तदनुसार उड्डाणाचा वेग व पंपाचा प्रवाह बदलणे' असा झाला. यातील प्रत्येक शब्दाला मूळ वर्णनातील परिच्छेद क्रमांकाचा आधार दिलेला होता. उत्तरात युक्तिवादाचा फुलोरा नव्हता. अमेरिकी अर्जात बॅटरीची पातळी पाहिली जाते पण टाकीच्या घटत्या वजनाशी तिचा संबंध जोडलेला नाही, आणि शोधनिबंधातील वाटणी उड्डाणापूर्वी एकदाच होते, एवढेच दोन मुद्दे तक्त्यांसह मांडलेले होते.

हिअरिंग व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाले. कंट्रोलरनी, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी, शोधपायरीवरच बहुतेक वेळ दिला आणि प्रश्न नेमके विचारले : वजनातील घट ही पंपाच्या प्रवाहावरून मोजली जाते की गृहीत धरली जाते, आणि दोन ड्रोन एकाच वेळी थकले तर काय होते. मॅडमनी आम्हाला आधीच बसवून हेच प्रश्न विचारून घेतले होते, त्यामुळे उत्तरे देताना अडखळायला झाले नाही. सुनावणीनंतर पंधरा दिवसांच्या आत द्यायचे लेखी निवेदन त्यांनी मुदतीच्या बरेच आधी सादर केले.

आता उणिवा. पहिल्या अंदाजपत्रकात हिअरिंगचे शुल्क धरलेलेच नव्हते. ते स्वतंत्र देयक म्हणून आले आणि विचारल्यावर 'प्रत्येक अर्जात हिअरिंग होतेच असे नाही' असे उत्तर मिळाले. या क्षेत्रातील अर्जात हिअरिंगची शक्यता किती दाट असते हे त्यांना ठाऊक होते, तेव्हा हे स्पष्टीकरण मला पटले नाही. आकृत्यांचे काम बाहेर दिले जाते आणि ते मसुद्याच्या तोडीचे नव्हते. पहिल्या फेरीत केवळ प्रवाहतक्ते आले. उड्डाण-नियंत्रक, पंप आणि प्रवाहमापक यांची जोडणी दाखवणारी आकृती आम्हाला मागून घ्यावी लागली. ज्या अर्जाचे सारे बळ यंत्राशी असलेल्या नात्यात आहे, त्याच्या आकृत्यांत यंत्रच दिसू नये, ही गंभीर उणीव आहे. शिवाय मॅडम प्रवासात असल्या की फोनवर मिळणारी माहिती अपुरी असते. कनिष्ठ सहकारी नम्र आहेत, पण फॉर्म भरण्यापलीकडच्या प्रश्नांवर ते थांबायला सांगतात.

मंजूर झालेला क्लेम अरुंद आहे, आणि तो तसा होणार हे आम्हाला शोध अहवालाच्या वेळीच सांगितले गेले होते. टाकी नसलेल्या, केवळ छायाचित्रे घेणाऱ्या ताफ्याला तो लागू पडत नाही. प्रतिस्पर्ध्याने वाटणी उड्डाणापूर्वीच एकदा करून ठेवली, तर त्यालाही तो अडवू शकत नाही. ज्यांना विस्तीर्ण हक्काचे आश्वासन ऐकायचे आहे, त्यांना हे कार्यालय रुचणार नाही. ज्यांना न्यायालयात टिकेल असा मोजका हक्क हवा आहे, त्यांनी जरूर जावे. वाऱ्याच्या झोतानुसार पट्ट्यांची रुंदी बदलण्याची सुधारणा आता आमच्या हाती आहे. कलम ५४ खालील पुरवणी पेटंटाचा, म्हणजे मूळ पेटंटातील सुधारणेसाठी त्याला जोडून मिळणाऱ्या पेटंटाचा, मार्ग त्यांनीच सुचवला, कारण मूळ शोधाच्या तुलनेत शोधपायरी नाही एवढ्याच कारणावरून असे पेटंट नाकारता येत नाही. ते कामही आम्ही याच कार्यालयाला दिले आहे. मात्र हिअरिंगचे शुल्क, आकृत्यांची यादी आणि मॅडमच्या अनुपस्थितीत कोणाशी बोलायचे, या तिन्ही गोष्टी या वेळी आधी लेखी घेतल्या आहेत.