अबोली रंग टिकवताना: तीन वॉटचे आरजीबी एलईडी, चवथ ते शिमगा

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आरतीसाठी सगळे उभे राहिले तेव्हा मखरामागचा पडदा अगदी हवा तसा अबोली दिसत होता. आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या मूळ घरी आरत्या पाऊण तास चालतात. मंत्रपुष्पांजलीपर्यंत तोच पडदा पिवळट झाला. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, पण आईने विचारलं, "रंग बदललास काय रे?" मी कशालाच हात लावला नव्हता.

सामान नेहमीचंच: तीन वॉटचे आरजीबी स्टार (ताऱ्याच्या आकाराच्या छोट्या पट्टीवर बसवलेले लाल, हिरवा, निळा एलईडी), दर रंगाला 350 मिलिअँपचे. एकेका रंगाचे तीन सिरीजमध्ये, 12 व्होल्टचा सप्लाय, प्रत्येक रंगाला करंट ठरावीक ठेवणारा पीटी4115 चिपचा एक ड्रायव्हर आणि वर त्यांना हुकूम देणारा अर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड. आधी चार स्टार जोडले होते. लाल व्यवस्थित लागला, निळा मरगळलेला. लाल 2.2 व्होल्टच्या आसपास घेतो, निळा आणि हिरवा 3.2 च्या. चार निळ्यांना 12.8 लागतात, ते 12 मधून कुठून येणार? म्हणून तीनच ठेवले.

स्वस्तातला माल म्हणून लाल चिप खराब निघाली, असं मी धरून चाललो आणि दुसऱ्या दुकानातून तीन स्टार मागवले. तेही तसेच पिवळट झाले. मग स्टारच्या पाठीला बोट लावून बघितलं, दोन सेकंदही ठेवता येईना. ते मी लाकडी पट्टीवर दुतर्फी टेपने चिकटवले होते. गरम झाला की लाल एलईडीचा उजेड हिरव्या-निळ्यापेक्षा खूप जास्त उतरतो, तो त्या चिपच्या पदार्थाचाच गुण आहे. अबोलीत बहुतेक सगळा लालच, वर थोडा हिरवा. लाल उतरला की पिवळं दिसणारच. तेव्हा विक्रेत्याला दिलेलं एका ताऱ्याचं रेटिंग मी मागे घेतलं.

उपाय फुकटात झाला. खिडक्या बनवणाऱ्याकडे अॅल्युमिनियम सेक्शनचे तुकडे पडलेले असतात, त्यातला हातभर मागून आणला. थर्मल पेस्ट लावून स्टार स्क्रूने घट्ट बसवले. आता तासाभराने बोट टेकवता येतं. रंग अजून किंचित सरकतोच, म्हणून दिवे वीस मिनिटं तापू देतो आणि मगच प्रोग्राममधले उजेडाचे आकडे (0 ते 255) ठरवतो. थंड असताना हिरवा 70 होता, तापल्यावर 58 ठेवला. लाल 255 वरच.

खरा मनस्ताप दिला तो पहिल्या ऑनलाइन विक्रेत्याने. फोटोत सहा पायांचे स्टार, पाकिटात आले चार पायांचे, म्हणजे तिन्ही रंगांचा प्लस आतून एकच. पीटी4115 करंट मोजतो तो प्लसच्या बाजूच्या छोट्या रेझिस्टरवर. तिन्ही प्लस एकत्र झाले की तिन्ही ड्रायव्हरांचं मोजमाप एकमेकांत मिसळतं आणि एक रंग कमी केला की दुसरे हलतात. दोन रात्री मी प्रोग्राममध्येच चूक शोधत बसलो. तक्रार केली तर उत्तर आलं, "मालात दोष नाही, बदलून मिळणार नाही." तीन मेल केले, पैसे गेले ते गेलेच. मागवण्याआधी पाय मोजा, आणि विक्रेत्याकडून ते लेखी घ्या.

ते चार पायांचे मात्र दिवाळीत कामी आले. आकाशकंदिलात जुन्या मोबाइलचा 5 व्होल्टचा चार्जर, लालला 8.2 ओहम आणि हिरव्या-निळ्याला 5.6 ओहमचे रेझिस्टर, सगळे दोन वॉटचे. लालच्या रेझिस्टरमध्येच जवळजवळ एक वॉटची उष्णता होते, तिथे पाव वॉटचा लावला तर करपतो. कंदील महिनाभर रोज लागला.

पावसात आमच्याकडे लाइट सारखी जाते-येते. दर वेळी अर्डुइनो जागा होईपर्यंत सगळे दिवे भक्कन पूर्ण पांढरे व्हायचे, डोळे दिपायचे. ड्रायव्हरची डिम पिन (उजेड कमी-जास्त करणारा पाय) मोकळी राहिली की तो पूर्ण चालू होतो. प्रत्येक डिम पिनपासून ग्राउंडला 4.7 किलोओहमचा रेझिस्टर लावला आणि ते बंद झालं. ओलाव्यानं सोल्डरजवळच्या तारेवर हिरवा थर धरला होता, तो खरवडून नवी तार टाकली आणि वर वार्निश मारलं.

शिमग्याला अंगणात तेच दिवे वापरले, रंगांसाठी मी खूश आहे. पांढऱ्यासाठी नाही. तिन्ही रंग मिसळून होणारा पांढरा माटोळीवर (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-भाज्यांच्या मांडवीवर) टाकला, तर सुपारीचे शेंदरी घोस भडक लाल दिसले आणि तवशी (काकड्या) मळकट. येत्या चवथीला माटोळीसाठी वेगळे वॉर्म व्हाइट स्टार लावणार. तीन आणून ठेवलेत, पाय मोजून.