पोळपाट की कोपर?

पुरणपोळी आणि खानदेशी मांडा, दोन्हींत पुरण तेच: शिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, वर जायफळ-वेलची. फरक हातात.

पोळीला लाटणं, तवा आणि बेताची आच पुरते. फाटलीच तर पीठ लावून सावरता येते. कट काढून ठेवला की आमटीचीही सोय.

मांड्याला लाटणं नावापुरतंच. मळून-तिंबून रबरासारखी केलेली कणीक, दोन पाऱ्यांत पुरण, कडा दाबल्या की मांडा हातांवर चढतो. मनगटांवरून कोपरापर्यंत झुलत तो रुमालासारखा पसरतो आणि तसाच चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर पडतो. खापर कमी तापलं तर मांडा चिवट, जास्त तापलं तर डाग. बोटातली अंगठी आधी काढायची, नाहीतर भोक पडलंच म्हणून समजा.

माझे पहिले तीन मांडे चुलीत गेले. मामी फक्त म्हणाली, “हात थांबला की फाटतो गं.”

होळीला घरी मी पोळीच करते, गॅसवर. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर मांडाच हवा, आणि तोही दुसऱ्या कुणी केलेला!