पिशवीचं ऑपरेशन: पॅकेजमधला खर्च आणि पॅकेजबाहेरचा

मोठ्या जाऊबाई उमरेडहून नागपूरला आल्या त्या गर्भपिशवी काढायच्या खर्चाचे दोन कागद घेऊनच. एक धंतोलीतल्या दवाखान्याचा: पोटावर छेद घेऊन, 58 हजार. दुसरा रामदासपेठेतल्या दवाखान्याचा: दुर्बिणीतून, 95 हजार. "सांग, कोणतं करू?" वय 46, गर्भाशयात सहा सेंटिमीटरची गाठ, हिमोग्लोबिन 7.8.

दोन्ही कागदांच्या तळाशी बारीक अक्षरात एकच ओळ होती: "औषधे, मटेरियल, रक्त, बायोप्सी वेगळे." म्हणजे 58 आणि 95 ही नुसती सुरुवात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात रक्तवाहिन्या बंद करणारं उपकरण वापरतात, त्याचे पैसे मटेरियलमध्ये धरलेत का, हे विचारून घ्यावं. भूलतज्ज्ञांची फी आत आहे का, तेही. दोन्हीकडून सगळं धरून आकडा लिहून घेतला, तेव्हा पोटावरचं 70 च्या पुढे गेलं आणि दुर्बिणीचं सव्वा लाखाला टेकलं. हे आमच्या कागदांपुरतं. तुमचे आकडे वेगळे निघतील.

पण स्वस्त ते स्वस्तच पडेल असंही नाही. पोटावरून केलं की तीन ते पाच दिवस दवाखाना आणि साधारण सहा आठवडे विश्रांती. दुर्बिणीतून एक-दोन दिवसांत घरी, दोन-चार आठवड्यांत हलकी कामं सुरू. जाऊबाईंचं शिवणकाम आहे. महिनाभर मशीन बंद राहिलं तर त्याचेही पैसे त्याच कागदावर मांडायला हवेत. बिनपगारी रजा घेणाऱ्या बाईला तर दुर्बीणच परवडू शकते.

दोन्ही कागदांवर नसलेला तिसरा मार्ग म्हणजे खालून, योनीमार्गे. पोटावर टाका नाही, महागडी उपकरणं लागत नाहीत, बाई लवकर उठते. फक्त अंग बाहेर आलं असेल तरच हे करतात, असा समज आहे; तो खरा नाही. आधीचं सिझर असेल किंवा गाठ फार मोठी असेल तर अवघड जातं. पण "खालून होईल का?" एवढं विचारायला काय जातं?

आता सरकारी. गांधीबागेतलं डागा हे सार्वजनिक आरोग्य विभागाचं, त्यामुळे 15 ऑगस्ट 2023 पासून तिथे उपचार मोफत आहेत. मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, त्यांना तो निर्णय लागू झाला नाही. तिथे शुल्क आहे, पण खासगीपुढे किरकोळच. खरी किंमत फेऱ्यांची. तपासण्या, भूलेची फिटनेस, मग तारीख, आणि प्रत्येक वेळी उमरेडची बस. घरचं माणूस सोबत असेल आणि रक्तस्राव आटोक्यात असेल, तर मी आधी डागाच म्हणेन. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. दाखला आधीच काढून ठेवा, भरती झाल्यावर तहसीलच्या चकरा होत नाहीत. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत 5 लाखांचं संरक्षण आहे, पण काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. तुमचं ऑपरेशन त्याच दवाखान्यात बसतं का, हे तिथे योजनेच्या मदतीला बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा.

खासगी विमा असेल तर दोन गोष्टी बघा. पिशवीच्या ऑपरेशनला बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांची प्रतीक्षा असते. दुसरं, खोलीभाड्याची मर्यादा. 3 लाखांच्या पॉलिसीत 1 टक्का म्हणजे दिवसाला 3 हजार. तुम्ही 6 हजारांची खोली घेतली, तर नुसतं भाडंच नाही, डॉक्टरांची आणि थिएटरची फीही निम्मीच मंजूर होऊ शकते. शिवाय दिवसाला 5 हजारांवरच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी.

आणि मुळात काढायचीच का? "ठेवली तर कॅन्सर होईल" असं कोणी घाबरवलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. अशा गाठीचा कॅन्सर क्वचितच होतो, आणि पाळी गेल्यावर गाठी बहुधा आक्रसतात. रक्तस्रावासाठी गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे, तिचा खर्च ऑपरेशनच्या मानाने थोडका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं; अनावश्यक ऑपरेशनं रोखायला केंद्राने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. सोबत अंडाशयही काढणार का, हेही विचारा. दोन्ही अंडाशयं गेली की रजोनिवृत्ती एकदम येते, आणि पुढे हाडांच्या तपासण्या-औषधांचा खर्च मागे लागतो.

जाऊबाईंनी आधी गोळ्या घेऊन पाहिल्या, फरक पडला नाही. मग महिनाभर लोहाची इंजेक्शनं घेऊन हिमोग्लोबिन 10.5 वर आणलं, त्यामुळे रक्ताची पिशवी लागली नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, खालून होईल. झालंही. तिसऱ्या दिवशी घरी आल्या. पोटावर टाका दिसत नाही म्हणून शेजारीण म्हणाली, "काहीच तर नाही झालं बाप्पा तुम्हाले!" आणि पाण्याची भरलेली बादली त्यांच्याच पुढे सरकवली. आतले टाके ओले होते. बादली मी उचलली.