सिमपायवर मशीनिंग लाईनचं मॉडेल : काही महिने वापरल्यानंतर

लाईन बॅलन्सिंगची, म्हणजे मशीनांवर काम सारखं वाटण्याची, एक्सेल शीट कुठल्या कंपनीत नसते? आमच्या भोसरीच्या शॉपमधली शीट सांगायची : दर पिसाला ओपी-१०ला (ओपी म्हणजे ऑपरेशन, लाईनवरचा एक टप्पा) ५२ सेकंद, ओपी-२०ला ५८, ओपी-३०ला ४९. म्हणजे सगळ्यात हळू ओपी-२०च्या हिशेबाने तासाला ६२ पीस. प्रत्यक्षात ६२ कधी निघायचे नाहीत आणि सकाळच्या मीटिंगमध्ये खापर फुटायचं ओपी-२०च्या ऑपरेटरवर. माल नेमका कुठे अडतो ते बघायला सिमपाय घेतलं. लाईनसारखी कामं कॉम्प्युटरवर चालवून बघायची (सिम्युलेशनची) पायथन लायब्ररी आहे, एमआयटी परवान्याची, फुकट.

उत्तर निघालं ओपी-३०च्या आधीच्या कन्व्हेयरवर. त्यावर तीनच पीस मावतात. ओपी-३०चं टूल तुटलं की बदलून पहिला पीस ओके होईपर्यंत सहा मिनिटं जातात. तेवढ्यात ओपी-२० सहा पीस काढू शकतं, पण तीन झाले की पुढे जागाच नाही, मशीन ब्लॉक. मग जागा सहाची केली की काम झालं? नाही. ओपी-३० दर पीसला फक्त नऊ सेकंदांनी पुढे आहे, त्यामुळे साठलेले सहा पीस उपसायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात टूल पुन्हा तुटलं तर बफर (दोन मशीनमधली साठ्याची जागा) अर्धवट भरलेलाच असतो. सरासरीवर चालणाऱ्या शीटला हे दिसणं शक्यच नाही.

सिमपायमध्ये कन्व्हेयर म्हणजे ठरावीक कपॅसिटीचा ‘स्टोअर’. भरला की ‘पुट’ (पीस आत ठेवायची विनंती) आपोआप थांबतं, ब्लॉकिंगसाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. मशीन ‘रिसोर्स’ (कामापुरतं धरायचं आणि मग सोडायचं साधन) म्हणून घेतलं असेल तर मात्र ‘पुट’ झाल्यावरच ते सोडायचं. आधी सोडलंत तर ब्लॉकिंग गायब आणि आकडे गोड.

ब्रेकडाउन हा खरा डोकेदुखीचा भाग. ‘इंटरप्ट’ (चालू काम मध्येच तोडणारा इशारा) आला की जॉबचा उरलेला वेळ आपणच मोजून ठेवायचा. आणि मशीन ‘पुट’वर अडकलेलं असताना इंटरप्ट आला, तर ती जुनी विनंती रांगेत तशीच राहते. ती रद्द न करता पुन्हा ‘पुट’ केलं की एकच पीस दोनदा पुढे जातो. म्हणून आत गेलेले, बाहेर आलेले आणि लाईनवरचे पीस प्रत्येक रनला जुळवून बघा. सेकंद-मिनिटांचा घोळही आपणच सांभाळायचा, कारण सिमपायच्या घड्याळाला एककच नाही.

वेगाबद्दल तक्रार नाही. रिकाम्या लाईनपासून सुरुवात होते म्हणून पहिला काही वेळ हिशेबातून वगळतो आणि तोच शिफ्ट वेगवेगळ्या सीडवर (सीड बदलला की ब्रेकडाउनसारखे यादृच्छिक आकडे बदलतात) बरेचदा चालवतो. एका रनवर बोलणारा माणूस शॉपवर टिकत नाही.

अ‍ॅनिमेशन नाही. पडद्यावर ट्रॉल्या फिरताना बघितल्याशिवाय ज्यांचा विश्वास बसत नाही, अशा साहेबांसाठी बफरचा आलेख वेगळा काढावा लागतो. फोर्कलिफ्टची गल्लीतली कोंडी दाखवायची असेल तर दुसरं सॉफ्टवेअर बघा. पायथन येणारं कोणी नसेल तरी तेच. आम्ही कन्व्हेयरशेजारी आठ पिसांचा रॅक लावून घेतला, आता मीटिंगमध्ये चर्चा टूल लाईफवर असते.