वॉर्डातील नर्सिंग सॉफ्टवेअर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या मेडिसिन वॉर्डात कागदी टीपीआर (तापमान, नाडी, श्वसन) चार्टच्या जागी टॅब्लेटवरील नोंदप्रणाली येऊन आठ महिने झाले. तिचा सर्वांत उपयोगी भाग असा की, नाडी, श्वसनगती, रक्तदाब, तापमान, ऑक्सिजन आणि शुद्धीची अवस्था यांच्या नोंदी भरताच, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारलेला ‘न्यूज-२’ गुणांक (रुग्णाची प्रकृती बिघडत असल्याचा इशारा देणारी बेरीज) आपोआप निघतो आणि तो ५ किंवा अधिक झाल्यास डॉक्टरांना सूचना जाते. पहाटे चार वाजता ही बेरीज हाताने करताना काय होते, हे रात्रपाळी केलेल्यांना सांगायला नको.

औषध देण्यापूर्वी रुग्णाच्या मनगटपट्टीचा आणि औषधाचा बारकोड जुळवावा लागतो. कल्पना उत्तम आहे. परंतु पट्टी सलाइनच्या चिकटपट्टीखाली दबली की स्कॅनर ती वाचत नाही, आणि मग घाईत पट्टीची जादा प्रत ट्रॉलीवर ठेवून तीच स्कॅन केली जाते, म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याला देण्याची जी चूक टाळण्यासाठी यंत्र आणले तिलाच वाट मोकळी होते. वाय-फाय बंद पडल्यावर कागदावर लिहून नंतर पुन्हा भरण्याचा दुहेरी व्याप निराळाच. प्रशिक्षण अवघे दोन तासांचे, तेही ड्यूटी संपल्यावर झाले. ड्यूटी बदलतानाचा हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला द्यायची रुग्णांची माहिती, मात्र नेटका मिळतो. तीस खाटांना चार टॅब्लेट अपुरे पडतात. खरेदीपूर्वी ही संख्या परिचारिकांना विचारूनच ठरवावी.