जे-१ व्हिसाच्या नावाखाली भाच्याचे पावणेतीन लाख गेले

माझा भाचा हॉटेल मॅनेजमेंट करून पुण्यात नोकरीला होता. नाशिकच्या एका एजंटने त्याला गाठलं. "अमेरिकेत १८ महिने हॉटेलात काम, जे-१ व्हिसा, मग तिथूनच एच-१बी (नोकरीचा व्हिसा) करून देतो." पावणेतीन लाख रोख घेतले. पावती? कोऱ्या कागदावर सही.

जे-१ हा नोकरीचा व्हिसाच नाही. १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याखाली चालणारी ती शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाण आहे. त्यात विद्यार्थी, संशोधक, प्रशिक्षणार्थी असे प्रकार येतात. हॉटेल व्यवसायातल्या प्रशिक्षणार्थ्याला जास्तीत जास्त १२ महिने मिळतात, त्यामुळे १८ महिन्यांची बात तिथेच खोटी ठरते. प्रशिक्षण सहा महिन्यांचं किंवा जास्त असेल तर किमान तीन विभागांत फिरवावं लागतं. वर्षभर नुसत्या खोल्या साफ करायला कुणी या व्हिसावर नेत असेल तर ते नियमात बसत नाही.

जे-१ व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ हा पात्रतेचा फॉर्म फक्त अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेला प्रायोजक (म्हणजे हा कार्यक्रम चालवणारी संस्था) देतो. एजंट नाही, हॉटेलही नाही. प्रायोजक उमेदवाराचं इंग्रजी तपासतो आणि डीएस-७००२ या प्रशिक्षण आराखड्यावर प्रायोजक, हॉटेल आणि उमेदवार तिघांच्या सह्या लागतात. आमच्या पोराशी प्रायोजकाकडून कुणी एक शब्द बोललं नव्हतं, आराखडा तर त्याने पाहिलाही नव्हता. तरी फॉर्म हजर! वर प्रायोजकाचं नाव खरं होतं, खात्याच्या साइटवरच्या यादीतही होतं. म्हणूनच घरचे सगळे निश्चिंत.

मला खटकलं ते सेव्हिस शुल्क, म्हणजे अशा व्हिसाधारकांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेची फी. प्रशिक्षणार्थ्यासाठी ते २२० डॉलर, आणि उमेदवाराला ते सरकारी साइटवर स्वतः भरता येतं. एजंट मात्र "माझ्याकडेच द्या" म्हणून हटून बसला. मग यादीतल्या पत्त्यावर भाच्याने प्रायोजकाला थेट ईमेल केला. उत्तर आलं, हा फॉर्म आमचा नाही, या नावाचा उमेदवारही आमच्याकडे नाही.

एजंटला विचारलं तर म्हणाला, "मुलाखतीला जा तर खरं, बघू." म्हणजे पोराने बनावट कागद वकिलातीत पुढे करायचा! खोटी माहिती जाणूनबुजून दिल्याचा ठपका बसला तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. एजंटचं त्यात काय जातं?

भाचा गेला नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, एजंटच्या ऑफिसला कुलूप आहे, पैसे परत आलेले नाहीत. असा फॉर्म कुणाच्या हातात असेल तर एजंटने दिलेल्या नंबरावर चौकशी करू नका, यादीतला पत्ता शोधून प्रायोजकालाच विचारा.